तीन पूर्णांक दोन

चिनान्देगा,
१२ नोव्हेंबर

प्रिय वेन्से,
अनेक आशीर्वाद.

आई बरी आहे. तिची तांबडी कोंबडी खुडूक बसली आहे. तू नदीपलीकडच्या कारखान्यासाठी दुसऱ्याच्या ओळखपत्रावर ऊस तोडतोस, हे मार्बेलीने सांगितलं. तुझी बायको तरी माझ्याशी बोलते.

इथल्या कारखान्याच्या दवाखान्यात, मी नर्स म्हणून बसले असताना, सगळ्यांसमोर ओरडलास, "तू बहीण नाहीस, कारखान्याची चमची आहेस! एक आकडा बदलला असतास तर तुझं काय जात होतं?" त्याचं उत्तर आता ऐक. तुझं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड किती बिघडलंय ते सांगणारा रक्तातला आकडा, तीन पूर्णांक दोन आलं; मी तेच लिहिलं आणि कारखान्याने तुला कामावरून काढलं. उद्या आलं तर पुन्हा तेच लिहीन. त्याबद्दल माफी मागणार नाही.

सोबत गोळ्या पाठवते आहे. छोटी पांढरी रक्तदाबाची, रोज सकाळी. मोठी, खडूसारखी लागणारी, जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर. मागाहून घेतलीस तर फुकट. कंबर धरली म्हणून मुकादम पेटीतलं इंजेक्शन टोचतो, ते घ्यायचं नाही. त्याने कंबर सुटते आणि मूत्रपिंड जातं. जळजळ होते म्हणून दुकानातून लघवी सुटायची गोळी आणतोस, तीही बंद. आणि शहाळी! आई म्हणते, "अगं, त्याने मूत्रपिंड धुऊन निघतं." चांगलं असलेलं निघत असेल. तुझ्या रक्तात पोटॅशियम साचतंय, त्याने उभ्या उभ्या हृदय बंद पडेल. यावरून मी आईशी कडाकडा भांडले.

एवढं लिहिलं, पण ज्यासाठी बसले ते राहतंच आहे.

तीन वर्षांपूर्वी भरतीच्या वेळी तुझा आकडा एक पूर्णांक आठ आला होता, नापास करण्याइतका. तो फक्त मी पाहिला. मार्बेलीला सातवा महिना होता. मी आत गेले, दुसऱ्या नळीत माझं रक्त काढलं आणि वर तुझं नाव लिहिलं. तू पास झालास. मला उचलून अंगणभर नाचवलंस. तीन हंगाम तू स्वतःला धडधाकट समजून उन्हात राबलास, ते माझ्यामुळे. वाईट वाटतं म्हणणंसुद्धा कमी आहे, वेन्से. मला माझीच किळस येते.

सोमवारी डॉक्टरांना सगळं सांगितलं, लिहून सही केली. चौकशी लागली आहे. आई म्हणाली, "तोंड बंद ठेवता आलं नाही का?" नाही आलं. नोकरी गेली तर दारोदार फिरेन, पण आता कुणाच्या भावाला खोट्या आकड्यावर उसात जाऊ देणार नाही.

गुरुवारी दवाखान्यात तुझी तपासणी आहे. ये. सुई दुसरी नर्स टोचेल, मी फाटकाबाहेर थांबेन. हवं तर माझ्याकडे न बघता आत जा. माझ्यावर माया ठेवून मरण्यापेक्षा माझा तिरस्कार करत म्हातारा हो.

तुझी गुन्हेगार आणि तरीही तुला हुकूम सोडणारी,
तुझी ताई
एलोदिया