अंगणातल्या राज्याची वाटणी

मी खाली सही करणार, वनखात्यातल्या साहेबांची विधवा, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम, देवाला स्मरून लिहिते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. मला कोणी दटावलेले नाही, लाडीगोडीही लावलेली नाही. यांच्या मागे हे घर माझ्या एकटीच्या नावावर आहे, सबब वाटणी माझ्या मर्जीने.

१. घर व अंगण मुलीला. मोठ्याला, म्हणजे मुलाला, राग येईल. त्याने पुढचे वाचावे.

२. अंगणाविषयी. यांची नोकरी बदलीची. राज्याच्या एका टोकाला समुद्र, मग पावसाचे डोंगर, पलीकडे हे कोरडे माळरान, आणि पार पूर्वेला सागाची जंगले. दर बदलीला ट्रकमध्ये आधी रोपे चढत, मग संसार. किनाऱ्यावरून निघताना जागा नाही म्हणून माझे शिवणयंत्र मागे राहिले; त्याच्या जागी माडाची रोपे आली. निवृत्तीनंतर माळावर हे घर बांधले आणि अंगणाच्या चार कोपऱ्यांत चार मुलूख लावले. पाहुण्यांना हे सांगत, "राज्य पाहायला लोक गाडीचं तिकीट काढतात. आमच्याकडे चपला काढल्या की झालं." मग बादली घेऊन उभ्या माझ्याकडे बोट दाखवत, "आणि हा आमचा पाऊस."

लोक हसत. मीही हसत असे. चारचौघांत नवऱ्याला खाली पाहायला लावू नये, अशी आम्हाला शिकवण.

३. डोंगराच्या कोपऱ्यातले नेचे. माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा उन्हाळा होता. मी पिशवी भरली. हे म्हणाले, "आठ दिवसांत नेचे जळून जातील. म्हातारी म्हणजे पिकलं पान, पाऊस पडल्यावर जा." मी थांबले. आई थांबली नाही. नेचे जगले. ते मी कोणालाही देत नाही.

४. इथल्याच मातीतली बाभूळ. डोंगराचे पाणी झिरपून तिची मुळे कुजली. हे पुन्हा लावत, ती पुन्हा कुजे. माळावरच्या घरात माळाचाच कोपरा जगेना, हे मी एकदा बोलून दाखवले. "तू पाणी घालायचं बघ," म्हणाले. मी बघितले.

५. देवघरातला देव मुलीला. रोजच्या एका फुलपात्राएवढ्या पाण्यावर तो प्रसन्न असतो. या घरात त्याच्याइतके कमी कोणी मागितले नाही.

६. बँकेतली शिल्लक माझ्या अंत्यविधीला. थाट नको. उरेल त्यात मुलीने शिवणयंत्र घ्यावे. तिला शिवता येत नाही, हे मला माहीत आहे. घ्यावे.

७. मोठ्यास. गेल्या सुट्टीत आला तेव्हा म्हणाला, "आई, अंगण कॉलेजला देऊ. बाबांच्या नावाची पाटी लावू."

"पाणी कोण घालणार?"

"तू आहेस की."

"आणि माझ्यामागे?"

मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "करू काहीतरी."

उंटावरून शेळ्या हाकण्याची विद्या बापाकडूनच आली. सबब दोन्ही बादल्या त्याला. बापाचे राज्य राखायचे असेल तर त्याने वर्षभर इथे राहून स्वतःच्या हाताने पाणी घालावे. मग अंगण त्याचे, पाटीही लावावी. गडी लावल्यास हक्क संपला. बहिणीने त्याला खोली द्यावी, दोन वेळा जेवू घालावे. बादलीला हात लावू नये.

८. तो न आल्यास अंगणाला कोणीही पाणी घालू नये. इथले असेल ते राहील. मोरीमागची कण्हेर माझी. आईच्या परसातली फांदी, ती गेल्यावर आणलेली. "ही कुठल्याच विभागात बसत नाही," म्हणून यांनी तिला कोपरा दिला नाही. ती धुण्याच्या पाण्यावर वाढली. तिलाही घालू नये. तिला सवय आहे.

साक्षीदार पहिले: शेजारचे मास्तर. वाचून म्हणाले, "वहिनी, एवढं कडू लिहायचं?" मी म्हटले, "भावजी, गोड बोलण्यात जन्म गेला." मग त्यांनी सही केली.

साक्षीदार दुसऱ्या: दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई, माझे डोके तपासून.

सही: माझी, स्वतःच्या हाताची.

स्थळ: राहते घर, मोरीजवळची पायरी.

दिवस: नळाला पाणी येण्याचा. आज भरलेले नाही.