शिक्क्याखालचा नुक्ता

सर, मेलेल्या माणसाला पत्र लिहिणं मला कधी पटलं नाही. माझा नवरा गेला तेव्हा शेजारची बाई म्हणाली होती, मनातलं कागदावर लिहून काढ, हलकं वाटंल. तेव्हा मला चार ओळी धड लिहिता येत नव्हत्या. आता येतात, तर हलकं वाटण्याची आशा फारशी उरलेली नाही. तरी लिहिते, कारण मागच्या आठवड्यात तुमचं ते कार्ड माझ्या हातात आलं. आता मी चिकलठाण्याला मुलीकडं राहते. गुडघे गेलेत, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, दुपारी विमान उतरतं तेव्हा खिडकीची काच थरथरते आणि माझं वाचन तुटतं. अशाच एका दुपारी सिल्लोडची एक मुलगी पत्ता विचारत आली. विद्यापीठात ग्रंथालयशास्त्रात पीएच.डी. करते. आपल्या कॉलेजनं ग्रंथालयातली कार्डांची जुनी कपाटं भंगारात काढली होती, ती हिनं अर्ज करून आपल्या विभागात नेऊन ठेवली. निजामाच्या राज्यात मराठवाड्यातून निघालेल्या मराठी नियतकालिकांची तुमची सूची त्या ड्रॉवरांत होती तशीच आहे म्हणे, फक्त कार्डांतून घातलेल्या सळ्या गंजल्यात. तिला ती सगळी इंटरनेटवर घालायची आहे, म्हणजे कुणालाही घरबसल्या शोधता येईल. पण तिचे मार्गदर्शक म्हणतात, त्या सूचीतल्या सनांवर भरवसा नाही, पूर्वी एकदा तिच्यात मोठी चूक निघाली होती, तेव्हा ती वगळा. मुलीला वगळायची नाही. म्हणून ती त्या ग्रंथालयात काम केलेलं कुणी जिवंत आहे का, ते शोधत माझ्यापर्यंत आली.

तिनं प्लास्टिकच्या पाकिटातून कार्ड काढून माझ्यासमोर धरलं. खोडलेला सन, त्याच्याखाली दुरुस्त केलेला सन. "आजी, हे अक्षर कुणाचं?" म्हणाली. मी म्हटलं, सरांचं. "खोडलेलं पण?" व्हय, म्हटलं, दोन्ही त्यांचंच. यात खोटं काहीच नव्हतं. "मग चूक त्यांचीच झाली ना," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा इतका पडला की मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत गेले. चहा झाला, ती गेली, आणि मी काही बोलले नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही असं नाही. लागली. या वयात झोप लागते. पण सकाळी उठल्यावर तेच.

तुम्हाला आठवत असेल मी तिथं कशी आले ते. माझा नवरा तुमच्याकडं दफ्तरी होता, फाटक्या पुस्तकांना पाठी लावायचा, त्याच्या बोटांना कायम खळीचा वास. तो गेल्यावर मला त्याच्या जागी घेतलं, पण बांधणीच्या कामावर नाही, झाडायला आणि पुस्तकं पुसायला. मी चौथी शिकलेली. पुसता पुसता उघडायचे, उघडलं की वाचत बसायचे. एकदा तुम्ही मागं येऊन उभे राहिलात. "बाई, धूळ झटकता का वाचता?" मी म्हटलं, दोन्ही सर. तुम्ही म्हणालात, "मग वाचून झालं की जागेवर ठेवत जा. परवा शेतकीचं पुस्तक कवितेत घुसलं होतं." रागावलात की हसलात, ते मला कितीतरी दिवस कळलं नाही. महिन्याभरानं तुम्ही मला टेबलाशी बसवलंत, कोऱ्या कार्डांचा गठ्ठा आणि टाक पुढं ठेवलात. तिथला कारकून म्हणाला, "आता कार्डं बाईच लिहिणार असतील तर आम्ही झाडू घ्यावा काय?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "घ्या की. दर्शनी खोलीत कोपरे फार राहतात." त्यानं तुम्हाला कधी माफ केलं नाही, आणि मलाही.

पहिल्याच दिवशी तुम्ही मला एक नियम दिलात. पुस्तकावर जे छापलेलं दिसतं ते कार्डावर उघडं लिहायचं. जे दिसत नाही, पण आपल्याला वाटतं, ते चौकोनी कंसात लिहायचं, आणि खात्री नसेल तर पुढं प्रश्नचिन्ह. "कंसाची लाज वाटू द्यायची नाही, बाई," तुम्ही म्हणायचात. "लाज बिनकंसाच्या थापेची." मी तो नियम पाठ केला. घरी मुलगी ताप अंगात असताना विचारायची, आई मी कधी बरी होईन, तर माझ्या तोंडून निघायचं, उद्या, कंसात.

तुमचं शिक्षण सगळं उर्दूतून झालेलं, घर शहागंजात, आणि मराठी अशी लिहायचात की प्राध्यापक आपले लेख तुमच्याकडून तपासून न्यायचे. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत तुमच्या वडिलांची पुस्तकं गेली, एवढंच मला माहीत. कशी गेली ते तुम्ही सांगितलं नाहीत, मी विचारलं नाही. रविवारी सायकल काढून दौलताबादेला, कधी एसटीनं सिल्लोडकडं जायचात, कुणाच्या माळ्यावर जुने अंक आहेत असं कळलं की. माणसं विचारायची, मियाँ, मराठीची रद्दी तुम्हाला कशाला? तुम्ही म्हणायचात, "रद्दी नक्को बोलो, हमारे घर का सामान है." आणि आणलेला अंक सोमवारी माझ्यापुढं ठेवायचात. एकेक अंक, एकेक कार्ड. त्या जुन्या अंकांवर सन मोठ्या भानगडीचे असायचे. कुठं शके, कुठं निजामाच्या महसुलाचा फसली, कुठं हिजरी. फसलीत पाचशे नव्वद मिळवायचे की इसवी सन निघतो, हिजरीला तुमच्या वहीतला तक्ता बघायचा. उर्दूत आकड्यापुढं एक अक्षर असतं. हिजरीला दोन डोळ्यांचा हे, फसलीला फे, डोक्यावर एक नुक्ता, म्हणजे ठिपका. हे सगळं मी तुमच्याकडून दुपारच्या सुट्टीत डबा खाता खाता शिकले, आणि खोटं कशाला सांगू, मला त्याचा फार गर्व होता. आमच्या अख्ख्या गावात उर्दू आकडा वाचणारी बाई मीच.

तुम्ही आठवडाभर हैदराबादला गेला होतात तेव्हा बायकांच्या एका मासिकाचा पहिला अंक आला. आपल्याच शहरात निघालेलं मासिक. मुखपृष्ठ फाटून गेलेलं. शेवटच्या पानाच्या तळाला उर्दूत एक ओळ, छापखान्याचं नाव आणि सन. सनापुढच्या अक्षरावर आपल्या ग्रंथालयाचा जांभळा शिक्का अर्धवट चढलेला. शिक्काही मीच मारलेला. मला त्या अक्षरात गोल दिसला. नुक्ता दिसला नाही. मी हिजरी धरला, तक्ता बघितला, आणि इसवी सन उघडा लिहिला. कंस नाही, प्रश्नचिन्ह नाही. तुम्ही परत येऊन कार्ड बघितलंत तेव्हा तुमचे डोळे चमकले. त्या हिशेबानं ते मासिक लोक समजत होते त्याच्या नऊ-दहा वर्षं आधीचं ठरत होतं. अंक नीट बघण्याआधीच तुम्ही लेखाचा कच्चा खर्डा सुरू केलात. इतक्या वर्षांत तुम्ही पहिल्यांदाच घाई केलीत, आणि तीही माझ्या अक्षरावर विसंबून.

आता जे लिहिणार आहे ते तुम्हाला ठाऊक नाही. लेखाचं प्रूफ पुण्याच्या त्रैमासिकाकडून तपासायला आलं होतं, तुम्ही तपासलंत आणि पोस्टात टाकायला मला दिलंत. निघण्याआधी मी तो अंक कपाटात ठेवायला घेते. खिडकीतून ऊन येतंय. पान उन्हासमोर तिरकं होतं आणि शिक्क्याच्या जांभळ्या शाईतून काळा ठिपका वर येतो. फे. मी पान खाली करते, परत वर धरते. फेच आहे. तुम्ही शेजारच्या खोलीत कुणाशी तरी बोलताय, तुमचा खोकला ऐकू येतोय. दहा पावलं आहेत. त्याच आठवड्यात मला कार्डलेखनावर कायम करायचं की नाही याची बैठक होती, आणि त्या कारकुनानं प्राचार्यांना लिहून दिलं होतं की चौथी शिकलेल्या बाईच्या हातून ग्रंथालयाचं नुकसान होईल. मला भाकरीची भीती नव्हती सर, झाडायचं काम मला कुणी नाकारलं नसतं. मला टाक जाण्याची भीती होती. मी पाकीट घेतलं, शहागंजच्या पोस्टात गेले, रजिस्टर केलं, पावती तुमच्या टेबलावर ठेवली. तुम्ही म्हणालात, "शाबास."

पुढचं तुम्हाला माहीत आहे. लेख छापून आला, आणि दुसऱ्याच अंकात एका विद्वानानं उत्तर दिलं. त्यांच्याकडं त्याच अंकाची चांगली प्रत होती. मराठवाड्यात अजून सन मोजायला शिकायचं आहे, अशी काहीतरी ओळ होती. जी संस्था तुमची सूची पुस्तकरूपानं काढणार होती तिनं बाड परत पाठवलं, सर्व सन पुन्हा तपासून मग कळवावे. आणि कॉलेजनं एक समिती नेमली. समिती यायच्या आदल्या दुपारी मी चहा घेऊन आले तर तुम्ही ते कार्ड लिहीत होतात. तोच चुकीचा सन, तुमच्या हातानं. माझं कार्ड फाडून टोपलीत. "उद्या ते ड्रॉवर बघतील, बाई. तुमचं अक्षर कोणी पण ओळखतं." मी म्हटलं, सर, चूक माझी आहे. तुम्ही म्हणालात, "तपासायचं काम माझं होतं, मी तपासलं नाही. बस झालं." मग चहाचा घोट घेऊन, "साखर विसरलात." दुसऱ्या दिवशी समितीसमोर तुम्ही ते कार्ड काढून दाखवलंत, खोडलंत, खाली बरोबर सन लिहिलात. त्रैमासिकाला शुद्धिपत्र पाठवलंत, तुमच्या एकट्याच्या नावानं. मी कायम झाले.

त्यानंतर आपण दोघं सगळी कार्डं पुन्हा तपासायला बसलो. प्रत्येक अंक काढायचा, प्रत्येक पान उन्हात धरायचं. पुढं कितीतरी वर्षं आपण तेच केलं, आणि त्यातली एकही दुपार अशी नव्हती की मी मनात म्हटलं नाही, दहा पावलं होती. तुम्ही थकत गेलात. आधी सायकल सुटली, मग जिना. "बाई, प पर्यंत तरी पोचू," म्हणायचात. आपण प ओलांडून म च्या ड्रॉवरवर होतो तेव्हा तुम्ही गेलात. उरलेली मी निवृत्त होईपर्यंत एकटीनं तपासली, ज्ञ पर्यंत, आणि प्रत्येक कार्डाच्या मागं पेन्सिलनं छोटी बरोबरची खूण केली. दुसरी चूक निघाली नाही सर. एकही नाही. पण बाड पुन्हा पाठवायला मला कुणाचा पत्ता ठाऊक नव्हता आणि कुणी विचारलंही नाही.

काल मी त्या मुलीला फोन करून बोलावलं. सगळं सांगितलं, प्रूफाचंसुद्धा. तिनं फोनमधला त्या शेवटच्या पानाचा फोटो उघडून मोठा केला आणि क्षणात म्हणाली, "ये तो फे है, आजी. नुक्ता शिक्क्यात दबलाय." तिची आजी तिला लहानपणी उर्दू शिकवायची. मी म्हटलं, आता दिसतोय ना, मला तेव्हाही दिसला होता. तिनं फोन खाली ठेवला. मला वाटलं उठून जाईल. मग तिनं विचारलं, "बाकीची तपासली ती कशावरून?" मी म्हटलं, कुठलंही कार्ड उलटं करून बघ. तिनं तिथूनच विभागात कुणाला तरी फोन लावला, तीन-चार ड्रॉवरांतली कार्डं उलटी करायला लावली, आणि पलीकडून येणारं "आहे, आहे, इथं पण आहे" मलाही ऐकू आलं.

आज सकाळी तिचा फोन होता. मार्गदर्शक तयार झाले, सूची घेणार, तुमच्या नावानं, अट एवढीच की त्या एका नोंदीला खरी हकीकत सांगणारी तळटीप हवी. तिनं विचारलं, "आजी, तुमचं नाव घालू की नुसतं एक कर्मचारी म्हणू? लोक बोलतील." मी म्हटलं, नाव घाल. तिनं तळटीप वाचून दाखवली. सदर चूक सूचीकाराची नसून कार्डलेखिकेची आहे, ती मुद्रणापूर्वी लक्षात येऊनही कळवली गेली नाही, सूचीतील इतर सर्व सन दोघांनी मूळ अंकांवरून पुन्हा तपासले आहेत. आणि कार्डलेखिका या शब्दापुढं माझं पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट.

हे पत्र तुमच्यापर्यंत जायचं नाही, म्हणून एवढं एक लिहिते. मी तिला म्हटलं, नीट ऐकू आलं नाही, पुन्हा वाच. मला पहिल्यांदाच सगळं ऐकू आलं होतं. दुसऱ्यांदा मी फक्त नाव ऐकत होते.