चुकून सांडलेली राख

आये, आज सकाळी मी तुझ्या नाक्यावर जाऊन उभी राहिले. मुलीला शाळेच्या बसमध्ये बसवलं आणि घरी परतायचं सोडून चालत सुटले, ती थेट तिथंच थांबले. तू ज्या पानटपरीच्या कडेला मजुरीसाठी उभी राहायचीस, तिथं आता मोबाइलचं दुकान झालंय. बाकी फारसं काही बदललेलं नाही. रंगारी ब्रश पुढं मांडून बसलेले, गवंड्यांच्या हातात थाप्या, सुतारांनी करवतीचं टोक पिशवीबाहेर दिसेल असं ठेवलेलं. आणि एका बाजूला बाया, साडीवर पुरुषाचा जुना शर्ट, हातात चुंबळ. मी आपली इस्त्रीचा कुर्ता घालून, खांद्याला पर्स लावून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले, तर एकीनं विचारलंच, "ताई, बाया बगायला आलाव का? किती पायजेत?" तिला वाटलं, मी कुठल्या तरी साइटची मॅडम. मला हसू आलं. कारण मी माणसं न्यायला आले नव्हते. मी काम शोधणाऱ्यांतलीच होते.

तुला माझी नोकरी माहीत नाही. तू गेल्यावर तिसऱ्या वर्षी ती लागली. बेलापूरला एका कंपनीत जहाजांनी येणाऱ्या मालाचे कागद तयार करते मी. उरणच्या बाजूला बंदरात मालाचे मोठे लोखंडी डबे उतरतात, त्यांत काय आहे, कुणाचं आहे, कुठं जायचंय, हे सगळं कागदावर चोख लागतं. अठरा वर्षं मी ते चोख केलं. गेल्या दिवाळीपासून मात्र ऑफिसात कुजबुज सुरू झाली की हे काम आता कॉम्प्युटरच आपलं आपण करणार. मग मीटिंगा सुरू झाल्या. मीटिंगमध्ये सगळे 'कुटुंब, कुटुंब' म्हणायला लागले, तेव्हाच मला शंका आली. आपल्या वाडीत कुणी कुणाला कुटुंब म्हटल्याचं मला आठवत नाही, पण ताप आला तर पेज न सांगता यायची. काचेच्या केबिनमध्ये एकेकाला बोलावत होते. बाहेर आलेला माणूस आधी आपली पाण्याची बाटली उचलायचा, मग डबा, आणि कुणाकडे न बघता लिफ्टकडे जायचा. पंधरा दिवसांपूर्वी आमच्या अर्ध्या विभागाला निरोप आला, यादी अजून ठरायची आहे, ठरेपर्यंत घरीच थांबा. म्हणजे मी गेलेली पण नाही आणि आहे पण नाही.

तेव्हापासून नवं काम शोधतेय. बायोडेटा तयार केला. तो एका ओळखीच्या मुलाला दाखवला, तर म्हणाला, "ताई, अठरा वर्षं एकाच ठिकाणी? हे चांगलं नाही दिसत." मला वाटत होतं तेवढंच एक चांगलं दिसेल. मुलाखती आता घरबसल्या होतात, पडद्यावर. परवा एक पोरगा समोर होता, माझ्या निम्म्या वयाचा. त्यानं विचारलं, "स्वतःला एका वाक्यात सांगा." मला एक वाक्य सुचेना. मी काहीतरी इंग्रजी बडबडले आणि तो "थँक यू, कळवू" म्हणून गायब झाला. मी तशीच खुर्चीत बसून राहिले. आणि तिथं बसल्या बसल्या, आये, मला पहिल्यांदा लख्ख दिसलं की तू हे रोज करत होतीस. रोज! मी अठरा वर्षांत एकदा काम शोधायला निघाले तर एका प्रश्नावर अडले. तू पावसाळा सोडला तर दर सकाळी उठून, चुलीवर माझी भाकरी टाकून, नव्यानं काम शोधायला जात होतीस. दर सकाळी कुणीतरी परका माणूस तुला पायापासून डोक्यापर्यंत बघायचा, विचारायचा, "काय येतं?" आणि तू म्हणायचीस, "काय सांगाल ते." तुझं एका वाक्यातलं उत्तर तयार होतं. आणि संध्याकाळी ते काम संपायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. हे किती मोठं होतं ते मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळतंय. कळलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. का ते सांगता येत नाही. बसून राहणं बरं वाटेना.

तू नाक्यावर कधी बसायची नाहीस, हे मला चांगलं आठवतं. "बसलेली बाय दमलेली दिसते," असं तू म्हणायचीस. बाबा वीटभट्टीच्या हंगामात तापानं गेले आणि आपण डोंगराखालची वाडी सोडून गाढी नदीच्या काठच्या त्या झोपडीत आलो, तेव्हा मी पहिलीत होते. तेव्हापासून तू उभीच. ज्या दिवशी काम मिळायचं नाही, त्या दिवशी तू दहाच्या सुमाराला परत यायचीस आणि दारातूनच म्हणायचीस, "आज सुट्टी घेतली गं." मला केवढा आनंद व्हायचा! आई घरात. माझी शाळा दुपारची, म्हणजे दोन-तीन तास तू माझी. तू माझ्या उवा काढायचीस, तेल लावायचीस, चुलीत सुकट भाजायचीस. बाकीच्या पोरींच्या आया कामाला जायच्या आणि माझी आई मनाला येईल तेव्हा सुट्टी घ्यायची, असं मी वर्गात मिरवायचे. देवाला सांगायचे की उद्यापण माझ्या आईला सुट्टी दे.

मग तो शर्ट. मी चौथीत. बाईंनी वर्गात स्वच्छतेचा धडा घेतला होता आणि सगळ्यांत नीटनेटकी म्हणून मला साबणाची वडी बक्षीस दिली होती. आता ती वडी वापरायची कशावर? तुझा तो कामाचा शर्ट खुंटीला असायचा, बाबांचा, सिमेंटनं पार कडक झालेला, उभा ठेवला तर उभा राहील असा. मी तो नदीवर नेला आणि दगडावर घासून घासून धुतला. खालून निळ्या रेघा निघाल्या, त्या आहेत हे मला तोवर माहीतच नव्हतं. एवढ्यावर थांबले नाही. तुझी चुंबळ सोडली, ते फडकंपण धुतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू शर्ट हातात घेतलास, बराच वेळ बघितलास, आणि म्हणालीस, "नवाच केलास की गं." घातलास. निघालीस. सगळ्या बाया माझ्या धुण्याचं कौतुक करतील ते ऐकायचं म्हणून मी तुझ्या मागं मागं आले, टपरीच्या आडोशाला उभी राहिले. टेम्पो आला. मुकादमानं सगळ्यांवर नजर फिरवली, तुझ्यापाशी थांबला, कॉलरला बोट लावलं आणि म्हणाला, "बाय, लग्नाला निगालीस का?" सगळे हसले. तू पण हसलीस. त्यानं तुझ्या अलीकडच्या दोघी घेतल्या, पलीकडच्या तिघी घेतल्या. मग दुसरा टेम्पो आला, त्यानं तर तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. चांगल्या धुतलेल्या कपड्यातली बाई वाळू काय उचलणार, असं त्यांना वाटलं असणार. ऊन वर आलं, नाका रिकामा झाला आणि तू एकटीच उभी होतीस, निळ्या रेघांच्या शर्टात, चुंबळ हातात धरून.

मी धावत घरी आले. थोड्या वेळानं तू आलीस आणि दारातून म्हणालीस, "आज सुट्टी घेतली गं." आवाज अगदी रोजचा. मी रोजच्यासारख्या टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी मला सुट्टी म्हणजे काय ते कळलं.

दुसऱ्या दिवशी तू तोच शर्ट तसाच घालून गेलीस. पुन्हा सुट्टी. रस्त्यावर धूळ काय कमी होती? एक मूठ घेऊन चोळली असतीस तर भागलं असतं, पण तू चोळली नाहीस. तिसऱ्या दिवशी पहाटे तू पाण्याला गेली होतीस, तेव्हा मी चुलीतली राख ओंजळीत घेतली आणि शर्टाच्या पुढच्या बाजूला, बाह्यांना, जिथं जिथं सिमेंट असायचं तिथं तिथं चोळली. तेवढ्यात तू आलीस. मी घाबरून म्हटलं, "चुकून सांडली." तू माझ्या पाठीत एक धपाटा घातलास. आयुष्यात तेवढाच एक. "धुतलेलं कापड कुनी मलवतं का? माज्या पोरीनं धुतलंय त्यां!" तुझी पोरगी जणू दुसरीच कुणी होती आणि तिच्या वतीनं तू मला मारत होतीस. मग तू शर्ट झटकलास, ओल्या फडक्यानं पुसलास, आणि ओलाच घालून गेलीस. त्या दिवशी तुला काम मिळालं. पुसलेल्या राखेचे करडे डाग राहिले होते, त्यांनी मिळालं की तुझ्या नशिबानं, ते देव जाणे. संध्याकाळी तू आलीस तेव्हा शर्ट सिमेंटनं माखला होता. तू तो खुंटीला लावलास आणि म्हणालीस, "आता रविवारी धू." आणि मी धुतला, पण नुसत्या पाण्यात बुचकळून. तू तो तसाच वाळत घातलास.

हे सगळं आज का लिहितेय ते सांगते. पंधरा दिवसांपूर्वी घरी थांबायचा निरोप आला, तेव्हा माझ्या मुलीनं विचारलं, "आई, तू ऑफिसला नाही जात?" आणि माझ्या तोंडून निघालं, "अगं, सुट्टी घेतलीय." तुझंच वाक्य, तुझ्याच आवाजात. ती सातवीत आहे. "मस्तच की!" म्हणाली आणि मला मिठी मारली. मला वाटलं, चला, जमलं आपल्याला आयेसारखं. काल तिचं दप्तर आवरताना इतिहासाच्या पुस्तकात घडी घातलेला एक कागद सापडला. शाळेच्या सहलीचा फॉर्म. चार दिवसांची सहल, पैसेही बरेच, सगळा वर्ग चाललाय. मागच्या आठवड्यात मी विचारलं होतं तेव्हा ती म्हणाली होती, "फॉर्म चुकून हरवला गं. आणि मला तसंही नाही जायचं." फॉर्म हरवलेला नव्हता. नीट चौघडी करून, वेरूळच्या धड्यात ठेवलेला होता. सहल तिथंच चालली होती.

मी तो कागद घेऊन पलंगावर बसले आणि मला तुझा तो धपाटा आठवला. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी तुला फसवलं. आज कळतंय की जशी ही मला फसवू शकली नाही, तशी मी तुला फसवू शकलेच नसेन. नऊ वर्षांच्या पोरीच्या कोपरापर्यंत राख लागलेली, आणि म्हणे चुकून सांडली! तुला सगळं कळलं होतं. मी नाक्यावर आले होते हेही कळलं असेल. आणि तरी तू मला पुढची कित्येक वर्षं सुट्टीच्या दिवशी टाळ्या वाजवू दिल्यास, आणि मीपण वाजवत राहिले. आपण दोघी एकमेकींसाठी काय छान नाटक करत होतो गं. त्या झोपडीत एवढी माया कुठं मावत होती, मला खरंच कळत नाही.

आज नाक्यावर तेवढ्यात उलव्याकडे जाणारा टेम्पो आला. मुकादमानं सगळ्यांवर नजर फिरवली आणि गंमत म्हणून मलाही विचारलं, "मॅडम, तुमाला काय येतं?" बाया हसल्या. मी म्हटलं, "काय सांगाल ते." ती शेजारची बाई हसायची थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. मग तिला टेम्पोत घेतलं आणि ती गेली. उद्या अकराला माझी पुढची मुलाखत आहे. इंग्रजीत विचारतील, पण उत्तर मला सापडलंय, आणि ते मी उभी राहून देणार आहे.

पण तुझ्याइतकी मी घट्ट नाही. सहलीच्या फॉर्मवर मी सही केलीय आणि तो टेबलावर ठेवलाय. थोड्या वेळानं ती शाळेतून येईल, फॉर्म बघेल, आणि मग मी तिला सांगणार आहे की ही सुट्टी नाही, माझ्या कामाचं काही खरं नाही आणि मला भीती वाटतेय. हा कागद कुठं पाठवायचा नाही. बायोडेटाच्या फायलीत, अगदी मागं ठेवते. बसचा हॉर्न ऐकू येतोय. तिच्याशी खरं बोलायच्या आधी एकदा तुझ्याशी बोलून बघते. आये, ती राख चुकून सांडली नव्हती.