दवाखान्याच्या वाटेची तालीम

आई, मागच्या गल्लीतली ती तुला दोन वेण्या घालून फिरणारीच आठवत असेल. कॉलेजात माझ्या पुढच्या बाकावर बसायची. तिचं लग्न ठरलं त्याच आठवड्यात मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं आणि मामाची गाडी भाड्यानं चालवायला लागलो. आता ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, आणि दवाखान्यात न्यायला तिच्या वडिलांनी गाडी सांगितली ती माझीच. नाही म्हणायला तोंड उघडलं, तर "बरं, तात्या" बाहेर पडलं.

नवरा पुण्याला कंप्युटरवर काम करतो. रविवारी आला तो पाच पानांची यादी घेऊन. पिशव्या तीन: तिची, बाळाची, कागदांची. शिवाय सावेडीच्या दवाखान्यापर्यंत एकदा तालीम करायची म्हणे. तिला कशाला हलवायचं, म्हणून हा स्वतःच पोटाशी उशी बांधून मागं बसला. कुठं किती धक्का बसतो ते मोबाईलात लिहायला. तिची चुलती ओट्यावरून ओरडली, "जावईबापू, ओटी भरू का?" सगळी गल्ली हसली. मला मात्र त्या उशीचासुद्धा हेवा वाटला.

मी एकही गतिरोधक सोडला नाही. पहिल्याला तो म्हणाला, "दादा, सावकाश." तिसऱ्याला नुसतंच "अहो!" एमआयडीसीच्या अलीकडं गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याकडेला ओकला. तोंड धुऊन बसला आणि म्हणाला, "बरं झालं मी आलो. तिला या रस्त्यानं नको, दुसरा बघू." त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी तिनं मला दारात गाठलं. "मुद्दाम केलंस ना?"

"कोण म्हणतं?"

"मला ठाऊक हाय तुझं डोकं. मी मागं असले तरी असंच चालवणार का? तसं असेल तर आत्ताच सांग, दुसरी गाडी बघते."

तेव्हा तू आठवलीस. बाळंतिणींच्या दवाखान्यात तू आया होतीस, शाळा सुटली की मी तिथंच. तू कुणाचं तरी कालचं बाळ छातीशी धरून गुणगुणते आहेस आणि मी दारात पाय आपटतो आहे. एकदा मी धुतलेल्या कपड्यांची चळतच फरशीवर ओढली. तू बाळ खाली ठेवलं नाहीस. तशीच म्हणालीस, "ह्यानं तुझं काय घेतलंय रं? उचल ते." मी रडत रडत उचलले.

गुरुवारी भर दुपारी तिच्या कळा सुरू झाल्या. घाईत तिन्ही पिशव्या ओट्यावरच राहिल्या. मी इतकं जपून चालवलं की तीच ओरडली, "अरे, बैलगाडी हाय का ही? दाब की!" दवाखान्यात तिची आई तिच्यासोबत आत गेली, तात्या पिशव्या आणायला परत फिरले. नवरा अजून वाटेतच होता.

मुलगी झाली. सिस्टर बाहेर आली आणि बाळ माझ्यापुढंच धरून म्हणाली, "बाबा ना तुम्ही?"

मी म्हणालो, "न्हाई, ड्रायव्हर." पण आई, आधी बाळ हातात घेतलं, मग म्हणालो.