भाव न विचारता

घणसोली गाव,
शनिवार, १४ जून २०२५

चि. दिपेश यास,

आईचा आशीर्वाद. ओळख पटावी म्हणून सांगते, लहानपणी तुझं नाक पुसायची ती गोजरा मीच. बडोद्याला गेल्यापासून तुला लिफ्टवाल्याचं नाव आठवतं, आईचं आठवत नाही. आपली भाडेकरीण ज्ञानेश्वरी हे लिहून घेते आहे, मोबाइलवर फोटो पाठवील. फोनवर तू "टेन्शन घेऊ नको, कार्ड आहे" म्हणतोस आणि ठेवतोस, म्हणून कागद.

वरच्या खोलीची गळती थांबली. मांजरीला तीन पिल्लं झाली, नातवाला सांग.

बाबा ठीक आहेत, असं कालपर्यंत मी गावभर सांगत होते.

अरे, खोकल्यासाठी हॉस्पिटलात नेलं होतं त्यांना. तुझ्या कंपनीचं विम्याचं कार्ड दाखवलं आणि लगेच खुर्ची मिळाली, चहा मिळाला. मग हा छातीचा फोटो, ती नळी, हा डॉक्टर, तो डॉक्टर. शेजारची काशी म्हणाली, "करून घे गो सगलं, आपल्या खिशातून कुठं जातंय?" मीही मान डोलावली. एरवी कल्ले उचकटून बघितल्याशिवाय मी पापलेट टोपलीतून उचलत नाही, कोळणीशी अर्धा तास वाद घालते. इथे द्यायचं काही नव्हतं, तर विचारलंच नाही, हे कशाला, यानं होणार काय.

एकदा ते म्हणाले, "गोजरे, मना घरी ने." मी म्हटलं, "गप पडा, फुकटचा एसी आहे." हसले. दुसऱ्या दिवशी घशात नळी घातली. मग बोललेच नाहीत.

काल मी डॉक्टरला गाठलं. "उठतील का ते?"

तो म्हणाला, "नाही, आजी. पण कार्ड चालतंय तोवर मशीनवर ठेवता येईल."

वाईट नाही रे तो. त्यालाही कोणी विचारलं नसेल, हे कशाला.

घरी आणायचं तर सही तुझी मागतात. भावकी म्हणेल, पैसे जात नसताना बापाला उचलून आणलं. म्हणू दे. तू ये आणि सही कर. त्यांना त्यांच्या खाटेवर, माझ्याजवळ जाऊ दे.

वाट बघते.
तुझी आई

ता. क. सूनबाईला सुक्या जवळ्याची चटणी करून द्यायला सांग, लसूण घालून. त्यांना गिळता यायचं नाही, ठाऊक आहे मला. घरात ओळखीचा वास तरी असू दे. तिखट मात्र कमी घाल म्हणावं, त्यांना ठसका लागतो.