टाकीवरून पडलेला माणूस

शुक्रवार, १४ नोव्हेंबर १९९७. अल क्वोजचा लेबर कॅम्प, आखात. संध्याकाळ.

आज सुट्टी म्हणून रोल्लाच्या बाजारातून मारामारीच्या पिक्चरची कॅसेट आणली. दुपारी खोलीतले आम्ही आठही जण बघत होतो. हिरो पाण्याच्या टाकीवरून खाली पडतो, तिथे जोरात शिट्टी मारली. मीच मारली.

मागून तुकारामदादा म्हणाले, "थांबव. मागे घे जरा."

दादा आमच्यात सगळ्यांत मोठे, राजापूरकडचे सुतार. त्यांचा धाकटा भाऊ अनंता मुंबईत हिरोच्या जागी उड्या मारायचा. शूटिंगमध्येच पडून गेला. दादांना तेव्हा इथून रजा मिळाली नाही, शेवटचं तोंडसुद्धा बघता आलं नाही. पिक्चरवाल्यांनी घरी येऊन सांगितलं होतं, तो सीन आम्ही फेकून दिला.

फेकला नव्हता. पडताना त्याचा डावा हात दोरी शोधतो. आणि तोंड क्षणभर आपल्याकडे वळतं. ते हिरोचं नाही.

"आमचा अनंता," दादा म्हणाले. "परत लाव."

दहा वेळा तरी लावलं असेल. दर वेळी तो हात. हिरो कशाला दोरी शोधेल? हे मला आधी का दिसलं नाही?

मग दादांनी विचारलं, "ओरडला असेल ना रे? मध्ये ते ढोल वाजतायत. ते तेवढे बंद होतात का?"

"नाही दादा. सगळा आवाज एकत्रच असतो."

ते उठले आणि टीव्हीला कान लावून बसले. मी हे लिहितोय, ते अजून तसेच बसलेत.