खाली आहे

आई, आज मी तुला माझ्या खोलीतून लिहितेय. माझी म्हणजे माझ्या एकटीची. सत्तरी उलटल्यावर मिळाली, पण मिळाली. कोलार रोडला लेकानं घर बांधलं तेव्हाच खाली तळघर काढलं होतं. इतकी वर्षं त्यात फॅक्टरीच्या टाउनशिपमधल्या क्वार्टरातून आणलेली अडगळ, मोडका कूलर आणि उंदीर एवढेच राहत होते. यंदा नात कॉलेजात गेली. आम्ही दोघी एका खोलीत. तिला फोनवर बोलायचं तर ती बाल्कनीत जायची, आणि मी खोकले की तिचं पुस्तक मिटायचं. मग लेकानं ठरवलं, तळघर राहण्याजोगं करायचं आणि आईला द्यायचं. काय सांगू तुला, भिंती खरवडल्या, ओलीचं औषध मारलं, पुट्टी, पांढरा रंग, लाकडासारख्या दिसणाऱ्या टाइल्स, हवा ओढायचा पंखा, पायऱ्यांना दोन्हीकडून कठडा. छताजवळ एक लांबट खिडकी आहे, तिच्यातून रस्त्यावरच्या लोकांचे नुसते पाय दिसतात. दूधवाल्याला मी आता चपलांवरून ओळखते. मिस्त्री इथलाच, जुना माणूस. ओलीबद्दल म्हणाला, "अम्मा, सीलन ऐसी भगाई है कि अब इधर का रास्ता भूल जाएगी." तो तलघर म्हणायचा, मी तळघर. म्हटलं, भाऊ, ळ म्हणून दाखव. तीन दिवस झटला बिचारा, शेवटी त्याच्या तोंडून ड निघाला.

ळ मला तू शिकवलास. शाळा हिंदी, तिथं तो नव्हताच. टाउनशिपच्या क्लबच्या स्वयंपाकघरात परातीतल्या पिठात तू बोट फिरवायचीस, "दोन वाट्या शेजारी ठेवल्यासारख्या काढ." शाळेत बाईंनी तो पाटीवरून पुसला, ऐसा कोई अक्षर नहीं होता, म्हणाल्या. तू म्हणालीस, त्यांच्यात नसेल, आपल्यात आहे.

बघ, मी खोलीचं सांगत होते. खोली छान, पण दार एकच, पायऱ्यांच्या वरच्या टोकाला, आणि त्याला बाहेरून कडी. लेकाला म्हटलं, ती कडी काढून टाक. "अगं आई, गावाला गेलो तर कुलूप कशाला लावू?" सून म्हणाली, "आई, आता तुम्ही राणीसारखं राहायचं." मी हसले. सगळ्यांनी इतक्या हौसेनं केलेलं, नको म्हणायला तोंड कुठून आणू. आणि परत वर गेले तर पोरीचं पुस्तक पुन्हा मिटणार. म्हणून चार दिवस दाराच्या फटीत चप्पल अडकवून बसले. वर कुणी चालताना दिसलं नाही की उठून चप्पल जागेवर आहे ना, बघून यायची. विचारलं तर सांगायची, वारा येऊ दे म्हणून.

का, ते तुला ठाऊक आहे. आपण दोघी त्या दिवसाबद्दल कधी बोललो नाही, पण तूही विसरली नव्हतीस. बाबा फॅक्टरीत फिटर, नागपूर सोडून सहा महिने झालेले. तू क्लबात पोळ्या लाटायला जातेस, शाळेला सुट्टी असली की मी तुझ्याबरोबर. नऊ वर्षांची. त्या सकाळी मी पिठात अक्षरं गिरवत बसले आणि तू चारचौघींत रागावलीस, "इथं पोळ्या करायच्यात की तुझी शाळा भरवायचीय?" आणि मोठा झारा आणायला खाली पाठवलंस. क्लबच्या तळघरात एकावर एक रचलेल्या खुर्च्या, सतरंज्या, लग्नाची पातेली. मी तिथं रमते. वर चौकीदार कुलूप घेऊन येतो, तुला विचारतो, "बाई, नीचे खाली है?" तुला हिंदी येत नाही. तू लाटता लाटता म्हणतेस, "हो, खाली आहे." तू सांगितलंस, पोर खाली आहे. त्यानं ऐकलं, रिकामं आहे. कडी, कुलूप, आणि त्याची ड्यूटी संपली. मी दार बडवत ओरडले, आई, आई. भांडी घासणारी बाई नंतर काय म्हणाली आठवतं ना? "बोल तो रही थी, आई, आई. मैं समझी, आ रही है."

मग तू दाराशी आलीस, कुलूप पाहिलंस, एक हाक मारलीस. आतून काही नाही. तुला वाटलं, पोरगी रुसून घरी गेली. संध्याकाळी बाबांनी चौकीदाराला त्याच्या घरून आणलं तेव्हा दार उघडलं. तू आधी मुस्काटात मारलीस आणि मग मला धरून तिथंच पायरीवर बसलीस.

दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद. शाळेच्या दारालाही कडी असते, म्हणालीस. चौथी अर्धी राहिली. लग्न होईपर्यंत मी तुझ्या नजरेसमोर, क्लबच्या त्याच ओट्यापाशी. आणि तू खाली हा शब्दच टाकलास. आपल्या घरातसुद्धा, "ताट नीचे ठेव," "नीचे बस." शेजारणी हसायच्या, नागपूरची बाई हिंदी झाली म्हणून.

काल दुपारी वाऱ्यानं चप्पल सरकली आणि दार लागलं. कडी नाही, नुसतं दार. ते मला कळत होतं, तरी पलंगावरून उठवेना. तेवढ्यात नात कॉलेजातून आली. वरून हाक, "आजी, खाली आहेस का?" तिनं पुन्हा हाक मारली. तेव्हा म्हटलं, आहे ग, खाली आहे. इतक्या जोरात, की खिडकीबाहेर दोन पाय थांबले. ती उतरून आली, माझ्याकडे पाहिलं आणि शेजारी बसली. मी सगळं सांगून टाकलं. ती उठली, पेचकस आणला आणि कडीचे स्क्रू काढायला लागली. म्हटलं, "तुझा बाबा रागावेल. चोर आला तर?" म्हणाली, "त्याला ळ म्हणायला लाव. पळून जाईल." आज दार बंद करून बसलेय, आई. तास झाला.

एक गोष्ट तिला नाही सांगितली. त्या दिवशीची तुझी हाक मला ऐकू आली होती. दाराला लागूनच बसले होते मी. सकाळचा राग होता, म्हटलं, शोधू दे जरा. दुसरी हाक मारलीस की ओ द्यायची. तू दुसरी मारलीच नाहीस.

हा कागद आता घडी करून पिठाच्या डब्यात टाकते, दुसरीकडे कुठं पाठवणार. पण तुझ्या बोलण्यात काही चुकलं नव्हतं, आई. तू खाली म्हणू शकत होतीस.